गोणपाटाचं मानसशास्त्र

बहीण बी.एड. करतेय. तिचं शैक्षणिक मानसशास्त्राचं पुस्तक मी रात्रपाळीला जायच्या आधी वाचतो. त्यात पावलॉवचा लाळ गाळणारा कुत्रा आहे. थॉर्नडाइकचं पेटीतून सुटायला धडपडणारं मांजर आहे. गोणपाटावरचं पोर मात्र त्यात कुठंच नाही.

ते पोर साताऱ्याचं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी हायस्कुलात त्याचं नाव लागलं. त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वर्गात एकटं बसायचं. गोणपाटाला शाळेचा नोकरही शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसला की घसा कोरडाच.

दुसरं पोर वाटेगावचं. गाव आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा सातारा जिल्ह्यातच. १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसात सुटली, असं सांगतात. पुढं ते मुंबईला गिरणीत राबले.

मास्तर कोण असावा, हा प्रश्न आपल्याकडं जुना आहे. मूळचे कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले १८८२ साली हंटर कमिशनला सांगत होते, मास्तर शेतकरी वर्गातले असू द्या, पोरांत मिसळणारे असू द्या. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. १९३५ साली मास्तर घडवायला ट्रेनिंग कॉलेज उघडलं. ह्या माणसांनी पोराचं मन पुस्तकाआधी ओळखलं होतं.

१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या नवरा-बायकोनं पोरांपुढं काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. बऱ्याच काळ्या पोरांना गोरीच चांगली वाटली. वेगळं काढलं की पोर स्वतःलाच कमी समजायला लागतं, हे कोर्टानं मानलं. पुढल्याच वर्षी, १९५५ला, साताऱ्यात रयतचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झालं.

दोस्तहो, म्हणजे पुरावा तिकडं कोर्टात गेला. आपल्याकडं गोणपाट होतंच, त्याचा प्रयोग करायची गरज नव्हती.

बहीण उद्याच्या पाठाचं टाचण काढतेय. मी तिला म्हटलं, ताई, वर्गात शिरलीस की फळ्याआधी कोपरा बघ. तिथं एकटं कोण बसलंय, आणि त्याला तिथं कुणी बसवलं, ते आधी विचार.