डाउन्टन ॲबी : प्रेक्षकांची पात्रचर्चा

डाउन्टन ॲबी या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे, त्यांची प्रेमप्रकरणे आणि लग्ने यांवर प्रेक्षकांत वर्षानुवर्षे चाललेला खल. ज्यूलियन फेलोज यांनी लिहिलेली व कार्निव्हल फिल्म्सने निर्मिलेली ही मालिका आयटीव्ही वाहिनीवर २६ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाली आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी संपली. सहा पर्वे, ५२ भाग. पुढे २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये तीन चित्रपट. यॉर्कशरमधला ग्रँथमचा अर्ल रॉबर्ट क्रॉली, त्याची अमेरिकन पत्नी कोरा, मेरी, एडिथ व सिबिल या तीन मुली, थोरली काउंटेस व्हायोलेट आणि तळघरातला नोकरवर्ग असा हा गोतावळा. कथा एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीने सुरू होते आणि १९२५ च्या शेवटच्या रात्री संपते. वाडा म्हणून पडद्यावर दिसतो तो हॅम्पशरमधला हायक्लिअर कासल. तळघर मात्र ईलिंग स्टुडिओत उभारलेले.

ऐतिहासिक व्यक्तींवरच्या मराठी मालिकांचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ पाहणाऱ्याला संगमेश्वर आणि तुळापूर चुकणार नाही हे पहिल्या भागापासून माहीत होते. चर्चा व्हायची ती कसे दाखवले याची, बरोबर दाखवले का याची. डाउन्टनची गोष्ट उलटी. महायुद्ध येणार, स्पॅनिश फ्लू येणार हे सगळ्यांना ठाऊक, पण क्रॉली घराणे काल्पनिक. त्यामुळे कोण वाचेल, कोणाचे कोणाशी जमेल यावर पैजा लागू शकत होत्या. आणि वाद अडला की दोन्ही पक्ष एकाच सवालाशी येऊन थांबत : त्या काळी असे होऊ शकले असते का? आवडत्या जोडीची वकिली करता करता माणसे वारसा, दत्तक आणि घटस्फोट यांच्या जुन्या इंग्रजी कायद्यांत शिरली. या चर्चेत टिकाऊ काही असेल तर ते हेच. कोणाचे डोळे सुंदर आणि कोणाचा झगा उंची, हा भाग इतर मालिकांच्या चाहत्यांसारखाच.

मेरी आणि मॅथ्यू ही पहिली आणि सर्वांत लाडकी जोडी. टायटॅनिकवर घराण्याचे दोन्ही वारस बुडतात. किताब आणि इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार, कोराने हुंड्यात आणलेला पैसाही त्यातच अडकलेला; मग दूरच्या चुलत नात्यातला मँचेस्टरचा वकील मॅथ्यू क्रॉली वारस ठरतो. मेरीने त्याच्याशी लग्न केले तर घर घरातच राहते. तेव्हा हे प्रेम की मिळकतीची सोय? पहिल्या पर्वाच्या अखेरीस कोरा गरोदर राहते, मुलगा झाला तर मॅथ्यूचा वारसा जाणार म्हणून मेरी होकार लांबवते, आणि तो मागे फिरतो. एका गटाला यात तिचा हिशेबीपणा दिसला, दुसऱ्याला तिच्यापुढची अडचण. दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. ज्या बाईला बापाच्या घरातली वीटही मिळणार नाही, तिने हिशेब करू नये ही अपेक्षा फार सोयीची आहे.

अर्लने सरळ दत्तक का घेतला नाही, हा प्रश्न मराठी वाचकाला चटकन सुचेल. वारसाअभावी संस्थाने खालसा झाल्याचा इतिहास आपल्याकडे शाळेत शिकवतात आणि दत्तकाच्या मंजुरीवरून झालेले तंटेही. पण ज्या इंग्रजांनी हे तंटे निकालात काढले, त्यांच्या स्वतःच्या देशात दत्तकाचा कायदाच १९२६ पर्यंत नव्हता. आणि तो झाल्यावरही दत्तक मुलाला किताब मिळत नसे. आणखी एक योगायोग. इच्छापत्र न करता माणूस गेला तर जमीन थोरल्या मुलाला, हा जुना इंग्रजी नियम १ जानेवारी १९२६ पासून रद्द झाला. मालिका संपते ती त्याच्या आदल्या रात्री. किताबाच्या वारशाला त्याने धक्का लागला नाही, पण तारीख जुळते खरी.

मॅथ्यूची वाग्दत्त वधू लॅव्हिनिया स्वायर, मेरीशी लग्न ठरलेला वृत्तपत्रमालक सर रिचर्ड कार्लाइल, मॅथ्यूचे अधू होणे आणि पुन्हा चालू लागणे एवढी वळणे घेऊन २०११ च्या नाताळ विशेष भागात बर्फ पडत असताना मागणी घातली जाते. पुढच्याच वर्षीच्या नाताळात, २५ डिसेंबर २०१२ रोजी, मुलगा जन्मला त्याच दिवशी मॅथ्यू मोटार अपघातात मरतो. सणाच्या दिवशी घरचे जेवून टीव्हीसमोर बसलेल्या ब्रिटिश प्रेक्षकांनी याबद्दल फेलोज यांना सहजी माफ केले नाही. अमेरिकेत पीबीएसवर हा भाग १७ फेब्रुवारी २०१३ रोजी आला. मधले सात-आठ आठवडे अमेरिकन चाहत्यांनी कानात बोटे घालून काढायचे होते. अर्थात बातमी पोचलीच.

मृत्यूचे कारण कथेबाहेरचे होते. मॅथ्यूचे काम करणारे डॅन स्टीव्हन्स यांना तीन पर्वांनंतर पुढे काम करायचे नव्हते. फेलोज यांनी याचे जे स्पष्टीकरण दिले त्याचा आशय असा : नोकराचे काम करणारा नट सोडून गेला तर त्या पात्राला दुसरीकडे नोकरी लावता येते; घरच्या माणसाला मात्र मारण्यावाचून गत्यंतर नाही. डाउन्टनमधल्या वर्गभेदावर अनेकांनी पुष्कळ लिहिले असेल, पण या एका अडचणीइतका तो कुठे उघडा पडत नाही. तळघरातली ग्वेन सेक्रेटरी होते, आल्फ्रेड रिट्झ हॉटेलात स्वयंपाक शिकायला जातो. कोराची दासी ओब्रायन तर रातोरात बॅगा भरून लेडी फ्लिंटशरबरोबर हिंदुस्थानला निघते. लॉर्ड फ्लिंटशरची नेमणूक मुंबईला झालेली असते. (ज्या कारस्थानी बाईने मालकिणीच्या न्हाणीघरात साबणाची वडी ठेवून तिचा गर्भ पाडला, ती पुढे मलबार हिलवर काय करत असेल, याची कल्पना मुंबईकर प्रेक्षकाने स्वतःच करावी.) वरच्या मजल्यावरून असे राजीनामे देता येत नाहीत. सिबिल बाळंतपणात गरोदरपणाच्या आकडीने जाते, मॅथ्यू रस्त्यावर. युक्तीही जुनीच : १९७१ ते १९७५ या काळातल्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या मालिकेत रेचल गर्नी यांना काम सोडायचे होते, तर त्यांच्या लेडी मार्जरीला टायटॅनिकवर बसवून दिले होते.

विधवा मेरीसाठी पुढची तीन वर्षे स्थळे येत राहिली : लॉर्ड गिलिंगहॅम, चार्ल्स ब्लेक, अखेरीस मोटारशर्यतीतला हेन्री टॅलबट. चाहत्यांतल्या एका चिवट गटाला यातला एकही नको होता. त्यांना हवा होता टॉम ब्रॅन्सन, म्हणजे सिबिलचा नवरा, घरचा आधीचा आयरिश मोटारचालक आणि आता इस्टेटीचा कारभारी. विरोधकांचे म्हणणे, मेहुणीशी लग्न त्या काळी कायद्यात बसत नव्हते. हे चूक आहे. मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करण्यावरची बंदी ब्रिटनमध्ये १९०७ साली उठली. म्हणजे १९२० नंतर टॉम-मेरीला कायद्याची आडकाठी नव्हती. आपल्याकडे बायको गेल्यावर धाकट्या मेहुणीशी लग्न लागल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. मेरी मात्र टॉमची अक्कडसासू, तेव्हा मराठी आजीने या जोडीला नाक मुरडले असते. लेखकाने दोघांना भावाबहिणीसारखे ठेवले. मालिकेतले सर्वांत मोकळे संवाद या दोघांचेच आहेत, त्यामुळे त्या गटाची हुरहुर समजण्यासारखी आहे.

मेरी की एडिथ हा वाद मात्र सहा पर्वे मिटला नाही. मेरीच्या बिछान्यात मेलेल्या तुर्की पाहुण्याच्या, पामुकच्या, प्रकरणाचे पत्र एडिथने तुर्की वकिलातीला पाठवले. मेरीने तिचे सर अँथनी स्ट्रॅलनशी जुळू पाहणारे स्थळ मोडले. वर्षे उलटली, पुन्हा जुळले, तर स्ट्रॅलन वेदीपुढून परत गेला. मग संपादक मायकेल ग्रेगसन, त्याच्यापासून झालेली मॅरिगोल्ड, आणि लपवालपवी. इथे प्रेक्षकांची सहानुभूती एका अनपेक्षित जागी वळली. एडिथने मुलगी आधी गावातल्या ड्रू कुटुंबात ठेवली आणि जीव राहवेना तेव्हा उचलून नेली. मिसेस ड्रूने तिला पोटच्या पोरीसारखे वाढवले होते. वर सांगितल्याप्रमाणे १९२४ मध्ये दत्तकविधान नावाची कायदेशीर गोष्टच नव्हती, तेव्हा त्या शेतकरणीच्या हातात कागद कुठून येणार? मालिका एडिथच्या बाजूने झुकते, कॅमेरा तिच्या अश्रूंवर थांबतो. अनेक प्रेक्षकांनी मात्र दाराशी ओरडणारी ती दुसरी आई विसरायचे नाकारले आणि ते योग्यच झाले. शेवटी एडिथ हेक्सहॅमच्या मार्क्वेसशी लग्न करून मानाने बाप आणि बहीण दोघांच्याही वर बसते, याचा आनंद मेरीच्या चाहत्यांनाही लपवता आला नाही.

तळघरातल्या जोड्यांत ॲना आणि बेट्स यांच्यावर संकटे इतकी आली की पुढे पुढे चाहतेच कंटाळले. बेट्सने पहिल्या बायकोला विष घातले नव्हते हे निष्पन्न झाले. पण पिकॅडिलीत लॉर्ड गिलिंगहॅमचा नोकर ग्रीन मोटारीखाली येतो तेव्हा बेट्स कुठे होता, यावर लंडनच्या रेल्वे तिकिटासकट दीर्घ तपास प्रेक्षकांनी स्वतः चालवला. त्याआधीचे प्रकरण गंभीर होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये, वर दिवाणखान्यात नेली मेल्बाची मैफल चालू असताना, ग्रीन ॲनावर बलात्कार करतो. वाहिनीकडे आणि ऑफकॉम या नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या. ऑफकॉमने पुढे चौकशी केली नाही. प्रसंग दाखवावा की नाही यापेक्षा नंतरचे महत्त्वाचे होते : त्या दुःखाची गोष्ट ॲनाची राहिली की बेट्सच्या संशयाची झाली? बऱ्याच जणींचे उत्तर दुसरे होते.

टॉमस बॅरोबद्दल मतांतर झाले ते वेगळ्या रीतीने. पहिल्या पर्वात चहाड आणि चोरटा म्हणून रंगवलेला हा फुटमन पुरुषांवर प्रेम करणारा आहे; इंग्लंडात तो गुन्हा १९६७ पर्यंत होता. त्याचा एकटेपणा, सहाव्या पर्वातला आत्महत्येचा प्रयत्न यांनी लोक त्याच्याकडे ओढले गेले, आणि अमुक पर्वात तरी त्याला कोणी मिळू दे, अशी मागणी सुरू झाली. २०१९ च्या चित्रपटात यॉर्कमधल्या गुप्त नाचघरावर पोलिसांची धाड पडते. २०२२ मध्ये तो एका चित्रपटनटाबरोबर हॉलिवूडला निघतो. नोकरांना दुसरी नोकरी मिळते हा नियम इथेही पाळला गेला.

उतारवयातल्या जोडीला विरोध असा झालाच नाही. बटलर कार्सनच्या मागणीनंतर मिसेस ह्यूज स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरला त्याच्याकडे पाठवते, हे लग्न सर्वार्थाने लग्न असणार का हे विचारायला. हा प्रसंग चाहत्यांना तोंडपाठ आहे. चर्चेतला सर्वांत निरर्थक वाद बहुधा अर्लच्या कुत्रीचा : इसिस हे नाव २०१४ च्या बातम्यांत दहशतवादी संघटनेचे झाल्यावर तिला मारले गेले अशी बोलवा उठली. रॉबर्टची भूमिका करणारे ह्यू बॉनव्हिल यांनी ती खोडून काढली. आधीच्या कुत्र्याचे नाव फेरो होते. हायक्लिअरच्या एका अर्लनेच तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधाला पैसा पुरवला होता, तेव्हा इजिप्तची नावे त्या वाड्याला नवी नव्हती.

२०२५ च्या चित्रपटात, १९३० सालात, मेरीचा हेन्रीपासून घटस्फोट झालेला दिसतो आणि घटस्फोटित म्हणून तिला समारंभातून बाहेर जावे लागते. १९२३ च्या कायद्याने नवऱ्याच्या व्यभिचारावरून बायकोला घटस्फोट मागता येऊ लागला होता. समाजाला मात्र ते पचले नव्हते. टॉमच्या जुन्या पक्षाने, हेन्री तिच्या जोगा नव्हताच असे आम्ही म्हणत होतो, म्हणून आपली पाठ थोपटून घेतली. हेन्रीचा कैवार घेणारे मुळातच थोडे, आणि त्याचे काम करणारे मॅथ्यू गुड यांनी या चित्रपटात काम केलेले नसल्याने तो बिचारा आपली बाजू मांडायला पडद्यावर आलाच नाही.