तळटीप १४ : बर्लिनचे ऑलिंपिक

१४. बर्लिनचे ऑलिंपिक : १ ते १६ ऑगस्ट १९३६. यजमानपद १९३१ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी, ठरले होते. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले, तरी स्पर्धा तेथेच झाली. पाहुण्यांसाठी शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या उतरवल्या गेल्या. रोमा व सिंती कुटुंबांना १६ जुलैला मार्त्सानच्या छावणीत डांबले गेले. उंच उडीतील गुणी ज्यू खेळाडू ग्रेटेल बर्गमन हिला जर्मन संघातून वगळले. याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १५ ऑगस्टला आपल्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे नमवले. हा मान खेळाडूंच्या मेहनतीचा आहे. त्याचे श्रेय यजमान राजवटीला देता येत नाही.

हिटलरच्या जर्मनीशी अहमदनगरचा (नगरचा) संबंध तीन वर्षांनंतरचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. नंगा पर्बतच्या मोहिमेवर आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांत होता. हिटलरच्या छळातून निसटून आलेले ज्यू निर्वासितही होते. केवळ जर्मन नागरिक म्हणून त्यांना आपल्या छळकर्त्यांच्या समर्थकांसोबत राहावे लागले. म्हणून पुढील प्रकरणात ‘छावणीतले जर्मन’ असा उल्लेख येतो तेथे ते सारे नाझी होते असे वाचकाने मानू नये. — संपादक