‘दुप्पट’ म्हणजे नक्की किती?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीने एक लिंक टाकली: अमुक खाल्लं की आजाराचा धोका दुप्पट. खाली सगळ्यांचे घाबरलेले इमोजी. मला मात्र ब्रिटनमधली एक जुनी गोष्ट आठवली.

१८ ऑक्टोबर १९९५. औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी समितीने इशारा दिला: ‘तिसऱ्या पिढीच्या’ नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांपेक्षा साधारण दुप्पट आहे. अनेक डॉक्टरांच्या हाती पत्र पडायच्या आधीच बातमी सगळीकडे झाली. कितीतरी बायकांनी घाबरून गोळ्याच बंद केल्या. खरं सांगते, मी असते तर मीही पाकीट फेकून दिलं असतं.

पण दुप्पट म्हणजे कितीचे किती? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७००० बायकांमध्ये वर्षभरात साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दोघींना. म्हणजे ७००० मागे एक जास्त. हेडलाइनमधला ‘दुप्पट’ खोटा नव्हता, अर्धवट होता.

शिवाय हे आकडे पाहणीतून आले होते. चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठली गोळी द्यायची हे ठरवलं नव्हतं. नवी गोळी जास्त सुरक्षित समजून डॉक्टरांनी ती मुळातच जास्त धोका असलेल्या बायकांना दिली असेल तर? यावर संशोधक पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याआधी काही वर्षं इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या उतरत होती. पुढच्या एका वर्षात अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि ज्या गुठळीला घाबरून गोळी सोडली, तिचा धोका गरोदरपणात त्या नव्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो: ७००० मागे साधारण चौघी.

समितीने इशारा द्यायलाच नको होता, असं मी म्हणत नाही. धोका लहान असला तरी सांगायलाच हवा. पण पूर्ण सांगायला हवा.

मावशीला मी एवढंच लिहिलं, “अगं, कितीचे किती झाले, ते दिलंय का त्यात?” तिने लिंक उघडून शेवटपर्यंत वाचली. आकडा कुठेच नव्हता.

तुमच्या ग्रुपवर अशी बातमी आली तर हाच प्रश्न विचारा. आणि चालू औषध बंद करायच्या आधी डॉक्टरांना एक फोन नक्की करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!