शालेय क्रीडा छायाचित्रणासाठी टेलिफोटो लेन्सची निवड

टेलिफोटो लेन्स ही दूरची वस्तू मोठी दाखवणारी, नाभीय अंतर जास्त असलेली छायाचित्रणाची लेन्स होय. काटेकोर अर्थाने, जिची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतराहून कमी असते, तीच लेन्स टेलिफोटो ठरते. शालेय आणि कुमार गटाच्या क्रीडास्पर्धांचे छायाचित्रण बहुधा पालक, शिक्षक व हौशी छायाचित्रकार मर्यादित खर्चात करतात. अशा वेळी खेळाडूपर्यंतचे अंतर आणि मैदानावरील प्रकाश या दोन गोष्टींवरून लेन्स निवडली जाते.

अंतर आणि नाभीय अंतर

चौकटीत मावणारी उंची = खेळाडूपर्यंतचे अंतर × सेन्सरची उंची ÷ नाभीय अंतर. प्राथमिक श्रेणीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो व त्याची उंची सुमारे १६ मिलिमीटर (कॅननमध्ये सुमारे १५) असते. कॅमेरा आडवा धरल्यास २०० मिलिमीटरच्या लेन्समधून २० मीटरवरील १.६ मीटर उंचीचा भाग चौकटीत येतो. म्हणजे शालेय वयाचा खेळाडू चौकट जवळजवळ भरतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एवढ्याच चित्रासाठी सुमारे ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. म्हणून कमी खर्चात लहान सेन्सर सोयीचा ठरतो.

नाशिक येथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी करंडकाचे सामने झालेले आहेत. अशा पूर्ण आकाराच्या क्रिकेट मैदानात सीमारेषेपासून फलंदाज साधारण ६० ते ७० मीटरवर असतो. ६५ मीटरवरून ३०० मिलिमीटरची लेन्स सुमारे साडेतीन मीटर, तर ४०० मिलिमीटरची २.६ मीटर उंचीचा भाग टिपते. कबड्डीचे मैदान मात्र पुरुषांसाठी १३ × १० मीटर व महिलांसाठी १२ × ८ मीटर असते. तेथे १० मीटरवरून ८५ मिलिमीटरची लेन्स सुमारे १.९ मीटर उंचीचा भाग दाखवते, व तेवढी पुरेशी होते. सावरपाडा येथील कविता राऊत यांच्यामुळे नाशिक जिल्हा लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी ओळखला जातो. शर्यतीतील धावपटूचा मार्ग ठरलेला असल्याने छायाचित्रकाराला आधीच जवळची जागा घेता येते आणि २५० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स पुरते.

प्रकाश आणि ॲपर्चर

धावणाऱ्या खेळाडूची हालचाल गोठवण्यासाठी शटरचा वेग सामान्यतः १/५०० ते १/१००० सेकंद ठेवतात. एफ/५.६ या ॲपर्चरमधून एफ/२.८ च्या एक चतुर्थांश प्रकाश येतो. तरीही भर उन्हात आयएसओ ४०० ला एफ/५.६ वर सुमारे १/३२०० सेकंदाचा वेग मिळतो. दाट ढगाळ हवेत तोच वेग १/४०० पर्यंत उतरतो. आयएसओ १६०० केल्यास तो पुन्हा १/१६०० होतो. त्यामुळे दिवसा उघड्या मैदानावर ५५–२५० किंवा ७०–३०० मिलिमीटरची स्वस्त झूम लेन्स पुरेशी असते.

बंदिस्त सभागृहात स्थिती वेगळी असते. ज्या प्रकाशात एफ/२.८ व आयएसओ ३२०० ला १/१००० सेकंद मिळतो, त्याच प्रकाशात एफ/५.६ ला आयएसओ १२८०० लागते व चित्रात दाणे वाढतात. ७०–२०० मिलिमीटर, एफ/२.८ ची झूम लेन्स हा त्यावरचा महाग उपाय आहे. कबड्डीसारख्या लहान मैदानी खेळात ८५ मिलिमीटर, एफ/१.८ ची स्थिर नाभीय अंतराची लेन्स त्याहून दुपटीपेक्षा अधिक प्रकाश घेते आणि बरीच स्वस्त पडते. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यामुळे लागोपाठच्या चित्रांत उजेड व रंग बदलू शकतो.

स्थिरीकरण व जोडउपकरणे

लेन्समधील प्रतिमा-स्थिरीकरण हाताचा कंप कमी करते, खेळाडूची हालचाल गोठवत नाही. म्हणून क्रीडा छायाचित्रणात या सुविधेपेक्षा जलद स्वयंचलित फोकसला महत्त्व असते. जड लेन्ससाठी एकपायी स्टँड (मोनोपॉड) वापरतात. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर निम्मा, तर २ पटीचा तीन चतुर्थांश प्रकाश घटवतो, एफ/५.६ च्या लेन्सला तो लावल्यास अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा स्वयंचलित फोकस चालत नाही.

वापरलेल्या लेन्सची खरेदी

जुनी लेन्स घेताना ती कॅमेऱ्याला अनुरूप आहे का, हे प्रथम पाहावे लागते. निकॉनच्या डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यावर जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट, एएफ-पी लेन्सचा फोकस डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाही. लेन्समधून तेजस्वी प्रकाशाकडे पाहिल्यास आतील बुरशीचे जाळे दिसते. दमट हवेत ही बुरशी वाढते, म्हणून पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात.