मणक्याचा क्षय : शस्त्रक्रिया कधी, औषध कधी

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1779 साली, पाठीला पोक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांविषयी एक पुस्तिका लिहिली. रुग्ण आधी लवकर थकतो, भराभर चालू लागला की पाय एकमेकांत अडकतात आणि तो पडतो, हे त्यांनी बारकाईने टिपलं. पोक सरळ करू पाहणारी यंत्रं त्यांनी निरुपयोगी ठरवली, कारण मूळ दुखणं मणक्यांच्या हाडात होतं. पोकाच्या दोन्ही बाजूंना जखमा करून त्या वाहत्या ठेवण्याचा त्यांचा उपाय काळाने बाद केला. पोक तसाच राहूनही पायांत बळ परतू शकतं, हे निरीक्षण मात्र टिकलं, आणि या आजाराच्या, म्हणजे मणक्याच्या क्षयाच्या, उपचारांचा पुढचा इतिहास मला त्याचीच कसोटी वाटतो.

पाय लुळे पडतात ते मज्जारज्जूवर दाब आल्याने, आणि हा दाब असतो बहुतेकदा पू, मणक्यांमधली सडलेली चकती आणि मेलेल्या हाडाचे तुकडे यांचा. क्षयावर औषधं आल्यावर हा पू ओसरू लागला. तरीही 1956 साली हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढून मणक्यापर्यंत पोचून सडका भाग काढण्याची आणि तिथे हाड बसवण्याची पद्धत मांडली, तेव्हा शस्त्रक्रियेचं पारडं जड झालं. मग ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरिया, ऱ्होडेशिया, हाँगकाँग आणि मद्रास इथे चाचण्या घेऊन या उपचारांची तुलना केली. बहुतेकांचा आजार नुसत्या औषधांनी बरा झाला. सक्तीच्या अंथरुणाने किंवा प्लास्टरने जास्तीचा लाभ दिसला नाही.

या निष्कर्षावर दोन आक्षेप वजनदार आहेत. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेनंतर पोक कमी वाढला, हे खरं. वाढत्या वयाच्या मुलांबाबत ते विसरून चालणार नाही. दुसरं, चालताच न येणारे रुग्ण या चाचण्यांत घेतलेच नव्हते, मग पांगळेपणाबद्दल त्या काय सांगणार? त्याचं उत्तर वाराणसीत मिळालं. तिथले शल्यवैद्य सु. म. तुली यांनी 1975 साली आपला ‘मध्यममार्ग’ मांडला, त्यात पाय गेलेले रुग्णही होते. आधी औषधं द्यायची, पायांची ताकद वारंवार तपासायची आणि काही आठवड्यांत सुधारणा नसेल किंवा अवस्था ढासळत असेल तर शस्त्रक्रिया करायची. कित्येकांचे पाय औषधांनीच परतले. हा मार्ग केवळ गरिबांसाठी केलेली तडजोड होता, असं म्हणणं अन्यायाचं आहे. नको असलेली मोठी शस्त्रक्रिया टळणं हा श्रीमंत रुग्णाचाही लाभच. मात्र तपासणीविना नुसतं थांबून राहणं म्हणजे मध्यममार्ग नव्हे. त्या हलगर्जीपणात बरे होऊ शकणारे पाय कायमचे जातात.