भिलाईच्या भट्टीभोवतालची माणसे

भिलाईचे नाव घेतले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये या कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला होता. इतकेच नव्हे, तर हा करार झाला त्या वर्षीही दुर्ग जिल्ह्याच्या राज्याची राजधानी नागपूर हीच होती. भिलाईचा इतिहास बहुधा टनांच्या आकड्यांत सांगितला जातो. आज तो मी भट्टीभोवती राहिलेल्या माणसांच्या बाजूने सांगणार आहे.

पोलादाची कथा लोखंडापासून सुरू होते असे आपण मानतो. वस्तुतः तिचा अर्धा भाग कोळशाचा आहे. खनिजातून लोखंड वेगळे करण्यासाठी कोक लागतो, आणि कोक करावयाचा म्हणजे दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांहून अधिक उष्णतेत तासन्‌तास तापवावयाचा. त्यातून वायू, डांबर, अमोनिया आणि बेंझॉल बाहेर पडतात. या भट्ट्यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे आता वैद्यकशास्त्राने निर्विवाद मानले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये भिलाईच्या याच विभागातील वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादाची किंमत बाजारात ठरते. परंतु तिचा काही भाग असा असतो की, तो कोणत्याही पावतीवर लिहिला जात नाही.

हा न लिहिलेला भाग कोणी भरावयाचा, हा खरा प्रश्न होता. कारखान्याच्या कायम नोकरांसाठी रुंद रस्त्यांची, शाळांची आणि इस्पितळाची आखीव वसाहत उभी राहिली. तिच्याबाहेर भोवतालच्या लहानमोठ्या कारखान्यांतील ठेकेदारी कामगारांच्या वस्त्या वाढल्या. आणि दक्षिणेकडे दल्ली-राजहराच्या डोंगरात, जेथून भट्टीला खनिज येई, तेथे हजारो स्त्रीपुरुष ठेकेदाराच्या मर्जीवर घण आणि टोपली घेऊन राबत होते. पोलाद एकच, पण त्याच्या छायेत दोन निरनिराळी आयुष्ये चालली होती.

या दोन आयुष्यांमधील भिंत ज्याने ओलांडली, तो कोकभट्टीवरचाच एक कामगार होता. बंगालमधून आलेले शंकर गुहा नियोगी हे साठच्या दशकात भिलाईच्या कोक विभागात कामाला होते. चळवळीपायी त्यांची नोकरी गेली. खेड्यांतून व खाणींतून हिंडून, आणीबाणीतील तुरुंगवास भोगून ते बाहेर आले, आणि १९७७ साली दल्ली-राजहराच्या ठेकेदारी कामगारांनी त्यांच्या नेतृत्वाखाली ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ स्थापन केला. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसे मारली गेली.

एवढ्यावर ही कथा थांबती, तर कामगार चळवळींच्या इतिहासातील आणखी एक प्रकरण म्हणून तिची नोंद झाली असती. तिचे वेगळेपण पुढे आहे. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी उपचारांअभावी वारल्या. तेव्हा कामगारांनी आपल्याच वर्गणीतून आणि आपल्याच श्रमांनी एक इस्पितळ बांधले, आणि १९७७ च्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी ते ‘शहीद अस्पताल’ म्हणून सुरू केले. त्यांनी दारूविरुद्ध मोहीम चालविली. ‘आपले जंगल ओळखा’ असे म्हणत झाडे लावली. त्यांचा झेंडा लाल आणि हिरवा होता : लाल कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा. खाणीत राबणारा माणूस सुटीच्या दिवशी शेतकरीच असतो, आणि ज्या ओढ्यात कारखान्याचे पाणी उतरते त्याच ओढ्यावर त्याची बायको हंडा भरते. मजुरीचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न वेगळे करणे हे लिहिणाऱ्यांना जमते. जगणाऱ्यांना जमत नाही.

नियोगींनी ‘हमारा पर्यावरण’ नावाचा एक निबंधही लिहिला. त्या काळी शहरांतील सुशिक्षितांना पर्यावरण म्हणजे वाघ आणि अभयारण्ये असे वाटे; येथे ते कामगाराच्या श्वासापासून आणि गावच्या नदीपासून सुरू होत होते. १९९० पासून भिलाईच्या ठेकेदारी कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी आपल्या भिलाईच्या घरी झोपेत असताना गोळी घालून मारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली प्रत्यक्ष मारेकऱ्याला जन्मठेप सुनावली. आरोपी उद्योगपती मात्र निर्दोष सुटले. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन अनेकजण ठार झाले.

मग या सर्वांतून उरले काय? माझ्या मते, उरली ती एक सवय : संघटित होऊन विचारण्याची. पुढे कायद्यानेही तिला एक दार उघडून दिले. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांना मान्यता देण्यापूर्वी जनसुनावणी घेणे बंधनकारक झाले. छत्तीसगडच्याच रायगड जिल्ह्यात एका कोळसा खाणीसाठी जानेवारी २००८ मध्ये अशी सुनावणी झाली, तेव्हा विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या. ते हरित न्यायाधिकरणाकडे गेले, आणि २० एप्रिल २०१२ रोजी न्यायाधिकरणाने ती सुनावणी म्हणजे निव्वळ थट्टा ठरवून खाणीची पर्यावरणीय मान्यता रद्द केली. दाद मागणाऱ्या संघटनेचे नाव होते ‘आदिवासी मजदूर किसान एकता संगठन’. मजूर आणि किसान या नावात शेजारी शेजारी उभे आहेत. दल्ली-राजहराच्या झेंड्यावरील दोन रंगांचीच ती जोडी. त्याच भागातील गारे गावच्या लोकांनी २ ऑक्टोबर २०११ रोजी गांधीजींच्या मिठाप्रमाणे आपल्या जमिनीतील कोळसा स्वतः उचलून सत्याग्रह केला.

शासनाच्या सेवेत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला जनसुनावणीचे कागद परिचित असतात. किती लोक आले, किती बोलले, किती हरकती आल्या, हे त्यांत व्यवस्थित नोंदलेले असते. पण हरकत नोंदवून घेणे आणि ती ऐकणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर केवळ अधिकाऱ्याच्या सद्‌बुद्धीने भरून निघत नाही. समोरचा माणूस एकटा नसेल तरच ते भरून निघते. हा प्रश्न आपल्यापासून दूरचाही नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख भोवतालच्या शेतांत व पाण्यात पसरली. वीज आपण साऱ्यांनी वापरली होती. राख मात्र काहींच्याच शिवारात गेली.

पोलाद नको, वीज नको, असे भिलाईचे कामगार कधी म्हणाले नाहीत. ते त्यांच्याच हातचे काम होते. त्यांनी एवढेच सांगितले की, जे या भट्टीचा धूर घेतात त्यांना हिशेबाच्या वहीत जागा द्या, आणि निर्णय होण्यापूर्वी त्यांना विचारा. लोकशाहीतील कोणत्याही कारखान्याकडे यापेक्षा साधी मागणी करता येणार नाही. आणि तिच्यासाठी माणसांना प्राण द्यावे लागले, ही गोष्ट पोलादाच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवणे हे इतिहासाचे कर्तव्य आहे.