तबकडीचे नाव कोण सांगणार?

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला मेणाच्या तबकड्या घेऊन बसला होता आणि समोर गौहरजान गात होत्या. तीनेक मिनिटांचे गाणे संपता संपता त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितले, ‘माय नेम इज गौहरजान!’ आज ऐकताना तो ऐटीचा भाग वाटतो. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला ना भाषा कळत होती ना राग. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्याला तबकडीनेच सांगणे भाग होते.

गेल्या दोन वर्षांत वडिलांच्या कॅसेटी आणि सीडी घरच्या संगणकावर चढवताना मला ही गोष्ट वारंवार आठवली. ‘सगळे आपोआप होते, काका,’ असे सांगून भाच्याने एका जुन्या संगणकावर सगळी मांडामांड करून दिली होती. सीडी घातली की गाणी उतरणार, नावे लागणार, मुखपृष्ठ येणार आणि घरातल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर हवे ते वाजणार. हे ‘आपोआप’ कोणाच्या जिवावर चालते, याचा शोध घेतला तेव्हा जो इतिहास हाती आला, तो आपल्यासारख्या मंडळाने वाचण्याजोगा वाटला.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचा नमुना ठरवला आणि १९८२ पासून सीडी विकायला आल्या. त्या नमुन्यात आवाज होता, गाण्यांची संख्या होती, प्रत्येक गाणे कितव्या क्षणी सुरू होते याचे कोष्टक होते. नाव मात्र कुठेच नव्हते. नावांची सोय पुढे १९९६ मध्ये झाली, पण ती फार थोड्या सीडींनी वापरली. त्यामुळे लोक संगणकावर सीडी वाजवू लागले, तेव्हा पडद्यावर दिसायचे ते फक्त ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’.

यावर तोड काढली टी कान नावाच्या प्रोग्रॅमरने. १९९३ मध्ये त्याने सीडी वाजवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. गाण्यांच्या आरंभवेळा प्रत्येक सीडीत निराळ्या असतात, तेव्हा त्यांच्यावरूनच सीडी ओळखायची, ही त्याची युक्ती. जन्मवेळेवरून कुंडली मांडावी तसा प्रकार! (आणि कुंडलीसारखाच कधीकधी फसणारा. दोन वेगळ्या सीडींचा आकडा एकच निघे.) एकदा कोणी त्या सीडीतल्या गाण्यांची नावे टाइप करून पाठवली, की पुढच्या प्रत्येकाला ती तयार मिळत. स्टीव्ह शर्फ याने या यादीची इंटरनेटवर सोय केली आणि तिला नाव पडले सीडीडीबी. हजारो लोकांनी रात्री जागून, एक पैसा न घेता, आपापल्या कपाटातल्या सीडींची नावे तिच्यात भरली.

१९९८ मध्ये ती एस्किएंट या अमेरिकी कंपनीकडे गेली. पुढे तिचे ग्रेसनोट झाले, आणि २००१ मध्ये परवाना नसलेल्या प्रोग्रॅमांना दार बंद झाले. २००८ मध्ये सोनीने ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरना विकत घेतली. ज्यांनी नावे टाइप केली होती त्यांना यातले काहीच मिळाले नाही. पैशापेक्षा त्यांना लागली ती दुसरीच गोष्ट : आपणच भरलेली माहिती आता आपल्याला परवान्याशिवाय मिळेना. दारोदार फिरून वर्गणी जमवावी, मांडव उभारावा, आणि आरतीच्या वेळी कोणी म्हणावे की आत यायला तिकीट आहे, तशी ही गत. चित्रपटांच्या बाबतीतही वाट तीच. १९९० मध्ये हौशी रसिकांच्या याद्यांतून सुरू झालेले आयएमडीबी १९९८ मध्ये ॲमेझॉनने घेतले.

संतापातून दोन पर्याय निघाले. फ्रीडीबी जुन्याच माहितीवर उभे राहिले आणि २०२० मध्ये बंद पडले. दुसरा पर्याय रॉबर्ट के याचा म्युझिकब्रेन्झ. तो टिकला, कारण त्याने घरमालकीचा प्रश्न आधी सोडवला. २००४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि गायक, गाणे, वर्ष ही मूळ माहिती सर्वांसाठी कायमची खुली ठेवली गेली. उद्या संस्था बुडाली तरी यादी कोणालाही उचलून पुढे चालवता येईल. आज घरोघरचे कित्येक प्रोग्रॅम तिथूनच नावे आणतात. त्यांचा वंशही मोठा आहे. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सुरू झालेला एक्सबीएमसी २०१४ मध्ये कोडी झाला. २०१८ च्या अखेरीस एम्बीने आपला आराखडा झाकून घेतल्यावर काही जण वेगळे झाले आणि जेलीफिन निघाले. भांडणाचे कारण पुन्हा तेच.

आता आमच्या घरची हकीकत. हिंदी चित्रपटांच्या सीडी घातल्या की नावे चुटकीसरशी येत. मराठीची पाळी आली आणि यंत्र अडखळू लागले. वसंतराव देशपांडे तीन ठिकाणी तीन व्यक्ती होऊन बसले : कुठे ‘वसंतराव’ एकत्र, कुठे ‘वसंत राव’ तोडलेले, कुठे आधी ‘पंडित’. देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांचा तर इंदूरला शेजार, पण त्यांच्या दोन सीडी ‘अज्ञात कलावंत’ म्हणून नोंदल्या गेल्या. दोष यंत्राचा नव्हता. त्या सीडी आपल्यापैकी कोणीच टाइप केलेल्या नव्हत्या.

जागेचाही प्रश्न जुनाच. १९९६ मध्ये एरिक केंपने एमपी-३ फाइलच्या शेवटी नावाची चिठ्ठी जोडण्याची पद्धत काढली. तिच्यात शीर्षकाला तीस बाइट, कलावंताला तीस, आल्बमला तीस. आजच्या युनिकोडच्या हिशेबाने देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. ‘नाट्यसंगीत’ हा एक शब्द मोजून पाहा, काना-मात्रा-अनुस्वार धरून बरोबर तीस भरतात. पदाला जागाच उरत नाही! सोबत ऐंशी संगीतप्रकारांची ठरलेली यादी होती. तीत पोल्का आहे. ख्याल, भावगीत, लावणी शोधू नका. ही मर्यादा १९९८ च्या नव्या पद्धतीत गेली, पण ‘कलावंत’ या एका रकान्यात गायक लिहायचा, नाटककार लिहायचा की संगीतकार, याचे उत्तर अजून ज्याचे त्यानेच शोधायचे आहे.

व्हिडिओंची गंमत वेगळी. घरातल्या लग्नाच्या फाइलला मी ‘लग्न १९९४’ असे नाव दिले. प्रोग्रॅमने त्याला कुठलासा परदेशी चित्रपट समजून त्याचे चित्र चिकटवले, वर कथासारही लिहिले. त्यात खून होता. सौ.ने ते पुसू दिले नाही.

शेवटी मी कॅसेटींपुरते ‘आपोआप’ बंद केले. कॅसेटला आरंभवेळांचे कोष्टक नसते, त्यामुळे कुंडली मांडता येत नाही. आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखणारी सोय आहे, पण तो ठसा आधी कोणीतरी नोंदवलेला असावा लागतो. वडिलांच्या बारीक अक्षरातली पुठ्ठ्यावरची नोंद वाचायची आणि हाताने लिहायचे, हाच मार्ग उरला. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटेच लागतात. त्यात घाई चालत नाही. सीडींची नावे मात्र म्युझिकब्रेन्झवर देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत भरून टाकली. पुढच्या माणसाला ती आपोआप मिळतील.

हे कळल्यावर मंडळाच्या चिटणीसांनी कार्यालयातल्या कपाटातला एक खोका माझ्याकडे पाठवला. आपल्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या एकवीस कॅसेटी. जगात त्यांची दुसरी प्रत नाही, तेव्हा कुठल्याही यादीत त्यांचे नाव सापडणार नाही. बारांवर शाईने लिहिलेले आहे. नऊ कोऱ्या आहेत. त्यांतल्या पाचांची ओळख निवेदकाच्या घोषणेवरून पटली. निवेदक आपल्यासाठी गौहरजानचे काम करून गेले आहेत.

सातव्या कॅसेटने मात्र दगा दिला. निवेदक म्हणतात, ‘यानंतर ‘सौभद्रा’तले एक पद सादर करीत आहेत...’ आणि नेमका त्याच क्षणी ध्वनिक्षेपक कर्कश किंचाळतो. तो थांबतो तेव्हा पेटीचे सूर सुरू झालेले असतात. गाणाऱ्या बाईंचा आवाज तरुण आहे, ताना मोकळ्या आहेत, आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतर पुढच्या रांगेतून एक लहान मूल ‘आई’ म्हणून हाक मारते. त्या पदात किंचित हसतात आणि गात राहतात. ते मूल आज चाळिशीपुढे असेल, कदाचित ही स्मरणिका त्याच्या हातात असेल. उत्सवाचे सर्व दिवस संध्याकाळी सहा ते आठ मी संगणक घेऊन कार्यालयात बसणार आहे. कॅसेट क्रमांक सात, बाजू ब, अकराव्या मिनिटापासून.